पाच नंबरची थैली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्याच्या मोटरसायकलवर मागे बसून अर्धा जिल्हा पालथा घातला त्या मित्रालाही नाही. सांगायचं ठरवून कितीदा तोंड उघडलं, आणि दरवेळी दुसरंच काहीतरी बाहेर आलं – उन्हाचं, कापसाचं, मुलीच्या शाळेचं. आत्ताही लिहायला बसलोय आणि मघापासून नुसताच कागद सरळ करतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

माझं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. यवतमाळला एका खाजगी लॅबसाठी मी नमुने आणतो. लॅब म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आठवतात. ते आत बसणाऱ्यांचं. मी बाहेरचा माणूस. खांद्यावर बरमा – जमिनीत फिरवून खोलची माती काढायचा लोखंडी दांडा – पिशवीत कोऱ्या थैल्या आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी थर्माकोलचा डबा. शेतातली माती आणायची, विहिरीचं पाणी आणायचं. फार क्वचित कुणीतरी धंद्यासाठी जागा घेणार असतं आणि घेण्याआधी म्हणतं, या जमिनीत काही वाईट मुरलंय का ते बघून द्या. पेट्रोल पंपवाले करतात, मोठे कारखानेवाले करतात. बाकी आपल्याकडे कोण करतो? सातबारा बघतात, मोजणी करतात, नारळ फोडतात. माती कोण बघतो?

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र कितीही भारी असलं तरी मी थैलीत जे भरून आणीन तेच ते तपासणार. थैलीवर मी जो नंबर टाकीन तोच खरा. रानात माझ्यावर नजर ठेवायला कुणी नसतं. सगळा कारभार माझ्या इमानावर.

सुमन राठोड आमच्या लॅबमध्ये आली त्याला आता दहा वर्षं होतील. दिग्रसजवळच्या एका तांड्यावरची बाई, बचत गटाची अध्यक्ष. कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी, पायल. गटातल्या अकरा बायकांना मिरची-हळदीच्या कांडपाचं काम सुरू करायचं होतं आणि रोडवरची टिनाच्या शेडची एक जागा त्यांनी बघून ठेवली होती. नागपूरचा एक व्यापारी त्यांचं तिखट घ्यायला तयार होता, पण त्यानं अट घातली होती – खायची वस्तू आहे, आधी जागेची माती आणि विहिरीचं पाणी तपासून कागद आणा. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, कागदच पाहिजे ना, मिळून जाईल कुठूनतरी. सुमनताई तसं म्हणाली नाही. आमच्या सरांसमोर बसून तिनं विचारलं, "सर, मातीत खराबी असंल तं कळंल ना नक्की? आमची पोरं राहतीन तिथं दिवसभर."

सरांनी जागेचा नकाशा काढला. पाच ठिकाणी खुणा केल्या. पहिल्या चार समोर आणि बाजूंना. पाचवी शेडच्या मागे, पडक्या भिंतीपाशी. आणि मला पाठवलं.

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. यवतमाळचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना त्याचं वर्णन नको. मी अकराला तिथं पोचलो. समोर कधीकाळी मुरूम टाकला होता, त्याखाली मऊ काळी माती, बरमा लोण्यात गेल्यासारखा जायचा. एक, दोन, तीन, चार – भराभर झाले. विहिरीचं पाणी घेतलं. तेही नीट घेतलं, आधी पंप चालवून, साचलेलं सोडून देऊन, नियमाप्रमाणे. हे मी का सांगतोय? बाकीचं किती चांगलं केलं ते मोजून दाखवण्याची सवय जात नाही, म्हणून.

शेजारी ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, रहीमचाचांचं. सत्तरीचे, दाढी पांढरी, हात कायम ग्रीसनं काळे. मला काम करताना बघून ते पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी पाणी प्यालो. ते शेडकडे बोट करून म्हणाले, "साहेब, मागचा कोपरा सोडू नका हां. पहले उधर बैटरी गलाने की भट्टी थी. जुन्या बैटऱ्या फोडायचे, शिसं काढायचे. दोन-तीन साल चालली. धुव्यानं लोकायनं बोंब मारली तं तो आदमी सामान उचलून चालला गेला. मंग कापसाचं गोदाम झालं. उधर की मिट्टी जरूर लेना."

मी म्हटलं, घेतो चाचा. पाचवा नंबर तिथलाच आहे.

ते दुपारच्या नमाजाला गेले. मी शेडच्या मागे गेलो.

गाजरगवत वाळून उभं होतं, बाभळीचे काटे पसरलेले. मी बरमा लावला. वीतभर खाली खट्ट आवाज आला. जागा बदलली, पुन्हा खट्ट. खाली काहीतरी वितळून गोठलेलं होतं, काळं, दगडासारखं, त्याला कुठेकुठे राखाडी चकाकी. दहा-बारा ठिकाणी प्रयत्न केला. तळहाताला फोड आला आणि फुटला. मला सब्बल, म्हणजे पहार, लागली असती, आणि सब्बल चाचांच्या दुकानात होती. पन्नास पावलांवर.

मी ती आणली नाही.

का? – इथं मी दरवेळी अडतो. तुम्हाला वाटत असेल, कुणी लालूच दाखवली असेल, जागेच्या मालकानं दम दिला असेल. तसं काही असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही राहिलं असतं. तसं काहीच नव्हतं. मला चार वाजता दारव्ह्याला मुलगी बघायला जायचं होतं. एवढंच. मामा तिथं थांबणार होते. पिशवीत इस्त्रीचा शर्ट होता. दीडची गाडी चुकली असती तर मी घामेजलेला, मातीनं भरलेला त्यांच्या दारात पोचलो असतो. मनात एकच विचार – मुलगी काय म्हणेल?

मी पुढे आलो. तिसऱ्या खड्ड्यापाशी बसलो. त्यातली मऊ माती पुन्हा थोडी काढली, पाचव्या थैलीत भरली, दोरी बांधली, आणि वर पाच लिहिलं.

फॉर्मवर एक रकाना असतो – जागेचा पूर्वीचा वापर, शेजाऱ्यांना विचारून लिहावा. तिथं मी लिहिलं, 'कापसाचं गोदाम.' भट्टी लिहिली असती तर सरांनी पाचव्या नमुन्याबद्दल खोदून विचारलं असतं, पुन्हा पाठवलं असतं. कापसाचं गोदाम हे खोटंही नव्हतं ना? असं अर्धं खरं लिहायला हात कसा सरसर चालतो.

साडेतीनला दारव्ह्याला एका हॉटेलच्या मागे तोंड धुतलं, शर्ट बदलला. अर्चनानं मला पसंत केलं. आज ती माझी बायको आहे. तळहाताला काय झालं असं तिनं त्या दिवशी विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो – कामाचं आहे. तिच्या घरच्यांना ते फार आवडलं होतं.

रिपोर्ट आला. सगळं स्वच्छ, पाणीसुद्धा स्वच्छ. सुमनताईनं तो कागद लॅमिनेट करून शेडमध्ये सेवालाल महाराजांच्या फोटोखाली लावला. पहिलं तिखट निघालं तेव्हा एक पुडा ती माझ्यासाठी घेऊन आली. नंतर दर दोन महिन्यांनी यायचा. आमच्या घरातली भाजी त्याच तिखटाची. अर्चना म्हणायची, रंग बघा काय सुरेख आहे.

तुम्हाला वाटेल की हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं – एका दुपारची कामचुकारी. पण तो नुसता आळस होता. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि मी तिच्याभोवती फेऱ्या मारतोय हे मलाही दिसतंय.

तीन वर्षांनी त्या रोडनं जाताना माझी गाडी पंक्चर झाली. चाचांकडे लावली आणि शेडकडे वळलो. मागचं गाजरगवत, बाभळी सगळं गेलं होतं. बायकांनी ती जागा साफ करून, चोपून, शेणानं सारवून मोठं अंगण केलं होतं. मिरच्या तिथंच वाळत होत्या, लालभडक, डोळे दिपतील अशा. आणि कडेला, जिथं सारवण उखडलं होतं तिथं पायल बसली होती. साडेतीन वर्षांची. बोटानं माती उकरत होती आणि तोंडात घालत होती.

सुमनताई धावत आली, तिचा हात झटकला. "माती खाऊन राह्यली भाऊ, किती मारलं तरी आयकत नाही. पोट दुखते म्हनून रडते. जंताची गोळी देल्ली, रक्तवाढीची देल्ली. आधी 'याडी, याडी' करत मांगं लागे माया. आता तेबी बंद झालं. बोलतच नाही."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

चाचा पंक्चर काढून हात पुसत आले. पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, वो कोना लिया था ना तुमने? पीछेवाला?"

सुमनताई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "घेतला होता चाचा. पाच नंबर. रिपोर्टमध्ये आहे बघा."

चाचा म्हणाले, "फिर ठीक है."

इतकं सहज बोललो मी. मग लघवीच्या निमित्तानं मागे गेलो आणि पायल बसली होती तिथली मूठभर माती रुमालात बांधली. म्हणजे बघा, मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नसतं तर रुमाल कशाला काढला असता?

लॅबमध्ये ती थैलीत भरली आणि वर लिहिलं – शेत, मारेगाव. शिशाची तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना नागपूरला जातो. दहा दिवसांनी सरांनी मला बोलावलं. कागद हातात धरून म्हणाले, "प्रशांत, हे शेत आहे की भट्टी? इतकं शिसं शेतात येईल कसं? कोणाचा नमुना आहे?"

मी म्हणालो, "सर, डब्यात जुनी बॅटरी ठेवली होती मी, तिचं काहीतरी लागलं असेल थैलीला. दुसरा नमुना आणतो."

"असा निष्काळजीपणा नको करत जाऊ," सर म्हणाले, आणि कागद फाडून टाकला. माझी कड घेतल्यासारखा फाडला. ते चांगले गृहस्थ होते.

त्या संध्याकाळी मी घरी काय केलं ते लिहितो. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी स्वयंपाकघरात गेलो, तिखटाचा डबा उचलला आणि बाहेरच्या नालीत रिकामा केला. आमची मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. अर्चना म्हणाली, "सुमनताईचं तिखट काहून फेकलं?" मी म्हणालो, किडे झाले होते. दुसऱ्या दिवशी दुकानातून दुसरं आणलं. त्यानंतर सुमनताईचा पुडा आला की मी तो घ्यायचो, आभार मानायचो, आणि घरी पोचायच्या आधी टाकून द्यायचो.

माझं घर मी वाचवलं. एका दिवसात. तिच्या घरासाठी फक्त एक फोन करायचा होता.

केला मी फोन, पण कसला? म्हणालो, "ताई, मागं अंगणात कोबा करून घ्या. मिरचीत धूळ जाते, व्यापारी तक्रार करेल." त्या बायकांनी उन्हाळा संपायच्या आत कोबा करून घेतला. मी मनातल्या मनात म्हणालो, झालं, निस्तरलं. आता माती झाकली, आता पोरगी सुधारेल. त्या वर्षी मला बरी झोप लागत होती. खरंच लागत होती.

पोरगी सुधारली नाही. पुढच्या वर्षी तिला झटके आले. दिग्रसहून तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. सुमनताईचा फोन आला – "भाऊ, यवतमाळात आमचं वळखीचं कोनी नाही." अर्चनानं डबा भरून दिला. मी गेलो.

आता ते सांगतो.

लहान मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. घाई न करणाऱ्या. सुमनताईला एकेक विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. बाळंतपण कसं झालं, ताप कधी आला, काय खाते. मी डबा घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभा. मग त्यांनी विचारलं, "माती खाते म्हणालात. कुठली माती? घराजवळ काही रंगाचा कारखाना आहे? बॅटरीचं काम? जुनी भट्टी वगैरे?"

भट्टी हा शब्द त्यांनी स्वतः उच्चारला. मला तो शोधायचाही नव्हता.

सुमनताई म्हणाली, "नाही मॅडम. दिवसभर आमच्या मिरचीच्या जागेवर असते ते. पन जागा तपासेल हाय. हे भाऊ लॅबवाले, यायनंच तपासली."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसलं – चला, कुणीतरी जाणकार माणूस आहे इथं. त्या म्हणाल्या, "मातीत शिसं बघितलं होतं का?"

पायल खाटेवर पडलेली होती. तिच्या हाताला सलाईन. ती माझ्याकडे बघत होती की नुसतीच बघत होती, सांगता येत नाही.

मला माहीत होतं. नागपूरचा कागद मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. फक्त "हो" म्हणायचं होतं. "हो मॅडम, भट्टी होती, शिसं आहे, हिचं रक्त तपासा." एवढ्या शब्दांना किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "बघितलं होतं मॅडम. पाच ठिकाणची माती होती. काही निघालं नाही."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलेल्या कशावरून तरी एक आडवी रेघ ओढली. मग पुढचा प्रश्न विचारला. घरात कुणाला झटक्यांचा आजार आहे का?

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. बाकीचं सगळं या एका वाक्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे.

असं का बोललो याची कारणं माझ्याकडे आहेत, पुष्कळ आहेत, घासूनपुसून ठेवलेली आहेत. ती मी इथं मांडणार नाही. मांडली तर वाचणाऱ्याला माझी कीव येईल, आणि कीव आली की मला बरं वाटेल.

पायलला झटक्यांचं औषध सुरू झालं. ती वाढली. शाळेत तिचं नाव चौथीत आहे, पण तिला अक्षर लागत नाही. बोलते, थोडं थोडं, तोंडातल्या तोंडात. चालताना डावा पाय किंचित ओढते. रहीमचाचा दोन वर्षांपूर्वी वारले. मी मयतीला गेलो होतो. खरं सांगू? त्यांच्या घरून परत येताना मला सुटल्यासारखं वाटलं. भट्टीचं मला सांगणारा माणूस आता राहिला नव्हता.

मग गेल्या वर्षी बायकांचं काम वाढलं आणि शेडच्या मागची, कुंपणापलीकडची जागा विकत घ्यायचं त्यांनी ठरवलं. सुमनताईचा फोन आला. "भाऊ, तपासल्याबिगर घेनार नाही आमी. दुसरं कोनी नको, तुमीच या."

मी गेलो. आणि या वेळी सगळं नीट केलं. बारा ठिकाणची माती घेतली. कुंपणाच्या कडेनं सब्बल लावून घेतली. प्रत्येक थैलीवर खरा नंबर. तुम्ही याला पश्चात्ताप म्हणू नका. जागा नवी होती, इथं खरं बोलण्यात माझं काहीच जात नव्हतं. अशा ठिकाणी कोण खरं बोलत नाही?

रिपोर्ट आला. कुंपणाच्या बाजूच्या चारही नमुन्यांत शिसं. मी तो घेऊन शेडवर गेलो आणि म्हणालो, "ताई, ही जागा घेऊ नका. शिसं आहे. आणि – पायलचं रक्तही एकदा तपासून घ्या, नागपूरला."

तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता फारसं येत नाही, तरी बघत राहिली. मग म्हणाली, "कुंपनाच्या बाजूनं हाय. म्हंजे आपल्याच जागेतून गेलं का हे?"

मी म्हणालो, "असू शकतं."

असू शकतं!

ती पायलला घेऊन नागपूरला गेली. रक्तात शिसं निघालं. तिनं स्वतःच व्यापाऱ्याला कळवलं. लपव म्हणणारे गटात होते, तिनं ऐकलं नाही. माल बंद झाला. शेडला कुलूप लागलं. अकरापैकी सात बाया आता लोकांच्या शेतात निंदायला जातात. तांड्यावरच्या बाकीच्या पोरांचं रक्त तपासायचं चाललंय, आणखी दोघांत निघालंय.

आणि गेल्या महिन्यात ती माझ्या घरी आली. पायलला घेऊन, नागपूरहून परत जाताना. अर्चनानं चहा ठेवला. पायल माझ्या मुलीशेजारी सतरंजीवर बसली. माझी मुलगी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. ती पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि पायल तिच्या तोंडाकडे बघत होती.

सुमनताई म्हणाली, "डॉक्टर म्हने, आता जेवढं निघंल तेवढं काढू. पन डोक्याले जे लागलं ते लागलं. चार वर्साची असताना कळलं असतं तं लई फरक पडला असता, म्हने." तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती. नुसतं पुसलं. मग म्हणाली, "चाचा म्हनत होते, तो कोपरा घ्यायले सांगतला होता साहेबाले. तुमी घेतला होता ना भाऊ?"

अर्चना चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

मी म्हणालो, "घेतला होता ताई."

"मंग मशीन चुकली असंल," ती म्हणाली. "मानूस चुकते तं मशीन काहून नाही चुकनार? तुमी मनाले लावून घेऊ नका. चेहरा पाहा कसा झाला तुमचा. तुमी तं आमच्यासाठी किती केलं. तुमी सांगतलं म्हनून तं रक्त तपासलं."

मला काही बोलायची गरज नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बोललो.

मी म्हणालो, "हो ताई. मशीन चुकली असेल."

मशीन चुकली नव्हती. पाच नंबरच्या थैलीत तिसऱ्या खड्ड्याची माती होती आणि ती मी माझ्या हातानं भरली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. आणि त्या दिवशी माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, मला पुन्हा एकदा विचारलं गेलं होतं.

चहा पिऊन सुमनताई उठली. दिग्रसची गाडी होती. दारात चपला घालताना ती वाकली, माझ्या मुलीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "हुशार हाय पोरगी," ती म्हणाली. "अशीच राह्य, माय."

मग तिनं पायलचा हात धरला, आणि दोघी पायऱ्या उतरल्या – सावकाश, पायलला जमेल तशा, एकेक.